हे माहं कशावरून?

रुपराव निनावे माझे सासरे. मुलगी पाहायला मी पहिल्यांदा त्यांच्याकडे नागपूरच्या पाचपावलीत गेलो, तेव्हा चहा झाला, सुपारी झाली, निघायची वेळ आली तरी त्यांनी माझ्याशी शब्द काढला नव्हता. नुसते पाहत होते. मी पोस्टात नोकरीला आहे एवढं त्यांना कळलं होतं. दुसऱ्या दिवशी आमच्या पोस्टाच्या खिडकीवर एक गृहस्थ अंतर्देशीय पत्र घ्यायला आले, ते रुपराव. आठवड्याने पुन्हा आले, पण माझ्या नव्हे, बाजूच्या खिडकीवर. "हे बाजूचे इथं खरंच नोकरीले हाय, का कोणाच्या बदल्यात बसते?" असं त्यांनी आमच्या कारकुनाला विचारलं. लग्न ठरलं ते त्यानंतर.

ते एका कापडगिरणीत कापड तपासायचे. खालून उजेड येणाऱ्या काचेवरून तागा सरकत जाई आणि रुपराव त्याच्यावर वाकलेले असत. तुटलेला धागा, राहिलेली गाठ, तेलाचा डाग शोधायचा आणि खडूने खूण करायची. "तागा चांगला हाय समजून पाह्यलं तं तो चांगलाच दिसते," असं ते म्हणत. "वाईट हाय समजून पाहा लागते." हीच नजर घेऊन ते घरी येत. दुधात पाणी, तुरीच्या डाळीत लाखोळीची भेसळ, शेजाऱ्याच्या नमस्कारात काहीतरी काम. सासूबाईंचं, गोपिकाबाईंचं, त्यांच्याशी रोज एकदा तरी वाजायचं. तीसेक वर्षांच्या संसारात त्यांना त्या भांडणाची सवय झाली होती, जशी गिरणीच्या भोंग्याची होते.

त्र्याहत्तर सालच्या हिवाळ्यात रुपरावांच्या मानेत, उजव्या बाजूला, एक गाठ आली. त्यांनी ती कोणाला दाखवली नाही. शर्टाचं वरचं बटण लावू लागले, मग मफलर बांधू लागले. संध्याकाळी अंगात कणकण असायची, भूक मेली होती. शेवटी गोपिकाबाईंनीच एका सकाळी मफलर ओढून काढला आणि मला बोलावणं धाडलं.

धंतोलीतल्या एका सर्जनने गाठ पाहिली आणि ती काढून तपासायला पाठवावी लागेल म्हणाला. त्याच्या छोट्या दवाखान्यात गाठ काढून औषधाच्या बाटलीत टाकली आणि ती जवळच्याच डॉक्टर कांता उमाठे यांच्या प्रयोगशाळेत गेली. काही दिवसांनी निकाल आला. सर्जनने मला एकट्याला आत बोलावून दार लोटलं.

"कॅन्सर आहे," तो म्हणाला. "आणि तो मानेत सुरू झालेला नाही. शरीरात दुसरीकडे कुठेतरी आहे, तिथून इथे आला. कुठे, ते शोधावं लागेल. पेशंटला इतक्यात सांगू नका."

तेव्हा हीच रीत होती. रोग्याला सोडून सगळ्यांना सांगायचं. मी गोपिकाबाईंना सांगितलं, माझ्या बायकोला सांगितलं आणि रुपरावांना म्हणालो, गाठीत थोडी सूज आहे, आणखी दोन-चार तपासण्या करायच्या आहेत.

ते माझ्याकडे पाहत राहिले. तागा पाहावा तसे.

मग तपासण्या सुरू झाल्या. छातीचा एक्स-रे झाला. पांढरं औषध पाजून पोटाचा झाला. रक्त, लघवी, थुंकी. सर्जनने पोट दाबून पाहिलं, घशात आरसा घालून पाहिलं. कुठेच काही सापडेना. आणि घरात रुपराव आम्हाला तपासत होते. एका संध्याकाळी मी गेलो तर ते खाटेवर ताठ बसले होते आणि गोपिकाबाई दारात उभ्या होत्या.

"जावईबापू, बसा," ते म्हणाले. "हिले विचारा, हे आठ दिवसांपासून माह्याशी भांडून काहून नाई राहिली?"

"आता माणूस बिमार असल्यावर..." गोपिकाबाई म्हणाल्या.

"मले टायफाइड झाला होता तवा भांडली. पाय मोडला तवा भांडली. सकाळी मी म्हटलं, भाजीत मीठ जास्त हाय. तं म्हणते, हो, चुकलंच माहं. चुकलं म्हणते! हे बाई जन्मात असं नाई म्हणाली." त्यांचा आवाज खाली आला. "मले काय झालं हाय, ते सांगा."

गोपिकाबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. मी सांगितलं. लपवण्यात काही अर्थ उरला नव्हता.

ते घाबरतील, निदान गप्प होतील असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "हे कोण म्हणते?"

"डॉक्टरांनी गाठ तपासली."

"कशानं?"

"सूक्ष्मदर्शकाखाली. भिंगातून."

"मंग मले दाखवा. मी आपल्या डोळ्यानं पाह्यल्याबिगर मानत नाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही उमाठेबाईंकडे गेलो. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, कपाळावर चष्मा चढवलेल्या बाई. एखादा रोगी स्वतःची गाठ पाहायला आला आहे, असं त्यांच्या बाबतीत कधी घडलं नव्हतं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, यांना सगळं सांगितलं आहे. मग त्यांनी मदतनिसाला, विश्वनाथला, काचपट्टी काढायला सांगितली.

रुपरावांनी आधी काचपट्टी हातात घेऊन उजेडाकडे धरली. त्यावर नखाएवढा जांभळट डाग होता.

"माही गाठ तं बोराएवढी होती."

"ती मेणात घालून तिचे काप करतात," बाई म्हणाल्या. "कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. उजेड आरपार गेला पाहिजे. मग एक निळा रंग आणि एक गुलाबी रंग देतात, नाहीतर पाण्यासारखं सगळं पारदर्शक दिसतं. आता डोळा लावा, आणि दुसरा मिटू नका."

ते बराच वेळ वाकून होते. मीही नंतर पाहिलं. गुलाबी जमिनीवर जांभळे ठिपके. बाईंनी समजावून सांगितलं, हा प्रत्येक ठिपका म्हणजे पेशीचं केंद्रक. त्याच्याभोवतीचा गुलाबी भाग म्हणजे पेशीचं बाकीचं अंग. तुम्ही, मी, झाड, गाय, सगळं पेशींच्या याच इवल्या खोल्यांचं बनलेलं आहे. एका बाजूला ते ठिपके साबुदाण्यासारखे बारीक आणि सारखे होते. ते गाठीचे मूळचे. मधे मोठे, वेडेवाकडे, एकमेकांवर चढलेले, कुठे गोल कडं करून बसलेले. ते बाहेरून आलेले.

"हे विणकाम बिघडलं हाय," रुपराव हळूच म्हणाले.

"हो. तसंच."

ते ताठ झाले. मला वाटलं, आता संपलं. मानलं यांनी. पण त्यांनी बाईंना विचारलं, "हे बिघडलं हाय, ते मले दिसलं. पण हे माहं कशावरून?"

"म्हणजे?"

"हे माह्याच गाठीतलं हाय कशावरून?"

"त्यावर नंबर आहे. तोच बाटलीवर होता."

"नंबर तं माणूसच लावते ना, बाई. आमच्या खात्यात धोतराच्या गठ्ठ्यावर लुगड्याचा नंबर लागलेला मी पाह्यला हाय."

विश्वनाथचा चेहरा उतरला. बाई चिडल्या. "इथे धोतरं-लुगडी येत नाहीत," असं म्हणून त्यांनी काचपट्टी उचलली. मी रुपरावांना जवळजवळ ओढतच बाहेर आणलं. रस्त्यावर मला त्यांचा राग आला होता, आणि त्याहून जास्त कीव आली होती. मरणाला कोणी असं पावती मागितल्यासारखं विचारतं का?

पण बाईंच्या मनातही काहीतरी खटकत होतं, हे त्यांनी मला फार पुढे सांगितलं. गोल कडी करून बसणाऱ्या त्या पेशी त्यांना स्तनाच्या कॅन्सरसारख्या वाटल्या होत्या. पुरुषाला तो होतच नाही असं नाही, पण क्वचित. त्यांनी सर्जनला तसं विचारलं, सर्जनने रुपरावांची छाती पुन्हा चाचपली, काही नव्हतं. मूळ कुठेच नाही आणि फांदी मानेत, हे कोडं त्यांना सुटत नव्हतं. त्यात त्या म्हाताऱ्याचा प्रश्न. पाचव्या की सहाव्या दिवशी त्यांनी निरोप पाठवला, निनावेंना घेऊन या.

आम्ही गेलो तेव्हा खोलीचं दार त्यांनी आतून लावून घेतलं.

"आ करा," त्या रुपरावांना म्हणाल्या.

"काहून?"

"तुम्हीच विचारलं होतं ना, तुमचं कशावरून म्हणून?"

रुपरावांनी तोंड उघडलं. बाईंनी लाकडी पट्टीने त्यांच्या गालाची आतली बाजू खरवडली, काचेवर पसरली, स्पिरिटमध्ये बुडवली, रंग दिला. मग म्हणाल्या, "ऐका. पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रं असतात."

"सूत्र म्हणजे सूतच ना?"

"सूतच. दोऱ्यासारखीच दिसतात ती, म्हणून ते नाव. बाप्याच्या पेशीत एका खास जातीचं सूत एकच असतं. बाईच्या पेशीत तेच दोन असतात. पण काम एकाच सुताने भागतं, म्हणून दुसरं सूत गुंडाळून केंद्रकाच्या भिंतीला लावून ठेवलेलं असतं. ते आपल्याला काळं टिंब दिसतं. सगळ्याच पेशींत दिसत नाही, पण बऱ्याच पेशींत दिसतं. बाप्याच्या पेशींत नाही."

रुपराव तोंड पुसत म्हणाले, "असं म्हणता. मंग पाहू द्या."

बाईंनी भिंगावर देवदाराच्या तेलाचा थेंब टाकला. त्या तेलाने बारीक गोष्ट स्वच्छ दिसते. आधी स्वतः पाहिलं, मग त्यांना दाखवलं. रुपरावांच्या गालातल्या पेशी पापडासारख्या पसरट होत्या. मधे केंद्रक. टिंब नाही. पुढची, टिंब नाही. त्याच्या पुढचीही नाही.

"आता गाठीची काचपट्टी," बाई म्हणाल्या. "आपण आजारी पेशी पाहायच्या नाहीत. कॅन्सरमध्ये सूत असंही बिघडतं. बाजूच्या निरोगी पेशी पाहू."

त्या वाकल्या. खोलीत पंखा फिरत होता. बराच वेळ त्या बोटांनी काच सूतभर सरकवत होत्या. मग उठल्या आणि खुर्ची रुपरावांना दिली.

"भिंतीला पाहा."

"हाय," रुपराव म्हणाले. "काळा टिकला हाय." काच सरकली. "इथंही हाय." पुन्हा. "हे... हे बाईमाणसाचं हाय?"

"हो."

मला आनंद झाला. खरंच, ओरडावंसं वाटलं. पण रुपरावांनी डोळा उचलला नाही. तसेच वाकून त्यांनी विचारलं, "मंग हे कोणाचं हाय?"

रुपरावांची गाठ आली त्या दिवशी सर्जनच्या दवाखान्यातून दोनच गाठी आल्या होत्या. दुसरी पारशिवनीकडच्या एका बाईची, काखेतली. तिचं नाव सुभद्रा. तिच्या निकालात गंडमाळ, म्हणजे गाठीचा क्षय, असं लिहिलं होतं. बाईंनी तिची काचपट्टी काढली आणि तेलाखाली पाहिली. टिंब कुठेच नव्हतं. क्षयाची गाठ रुपरावांची होती. संध्याकाळची कणकण त्याचीच. आणि सुभद्रा खेड्यात क्षयाची इंजेक्शनं घेत होती.

विश्वनाथला आत बोलावलं. तो हात जोडून म्हणाला, बाटल्या जशा आल्या तशा मी घेतल्या. सर्जनचा कंपाउंडर म्हणाला, मी बरोबरच चिठ्ठ्या लावल्या. चूक कोणाची ते शेवटपर्यंत उजेडात आलं नाही. रुपरावांचा संशय विश्वनाथवर होता. विश्वनाथचा कंपाउंडरवर. आणि नंतर नंतर तर विश्वनाथचा स्वतःवरही; तो एकेक नंबर तीनतीनदा वाचू लागला, वर्षभरात त्याने ते काम सोडलं. बाईंनी त्याला काढलं नव्हतं. त्या म्हणत, खाली सही माझी आहे.

त्या दिवशी मात्र बाई खुर्चीत बसून राहिल्या होत्या. "मलाच जावं लागेल," त्या म्हणाल्या.

"मीबी येतो," रुपराव म्हणाले.

"तुम्ही कशाला?"

"तुमचं कोण आयकन? मी तं आयकलं नव्हतं."

बाईंच्या फियाटमधून आम्ही तिघं गेलो. पारशिवनीच्या पुढे कच्चा रस्ता, दोन्हीकडे काढणीला आलेली तूर. सुभद्राबाईंचे यजमान महादेवराव अंगणात बैलाच्या दोराला पीळ देत होते. पन्नाशीचा, उंच, रापलेला माणूस. आम्ही कोण ते बाईंनी सांगितलं, चूक झाली तेही सांगितलं, काही न लपवता. महादेवरावांनी दोर खाली ठेवला.

"म्हणजे पहिले म्हणाले टीबी. आता म्हणता कॅन्सर. उद्या आणखीन काही म्हणान." ते रुपरावांकडे वळले. "आन तुमी कोण गा? तुमचा काय फायदा याच्यात?"

"माही गाठ यांच्या नावानं गेली होती," रुपराव म्हणाले. "यांची माह्या."

"आन तुमी वाचले."

"हो."

"मंग झालं तं! तुमचं वाईट तुमी माह्या घरी आणून टाकून राहिले. जा बाप्पा. माही बायको चांगली हाय. इंजेक्शनं घेऊन राहिली, जेवते, कामं करते."

उमाठेबाई काही बोलणार होत्या. रुपरावांनी हाताने थांबवलं. "बरोबर हाय तुमचं," ते म्हणाले. "आमच्यावर इस्वास ठेवू नका. मीबी ठेवला नसता. तुमी नागपूरले या, भिंगातून आपल्या डोळ्यानं पाहा, मंग आमाले शिव्या द्या. मी चूपचाप आयकन."

महादेवराव हलले नाहीत. तेवढ्यात दारातून आवाज आला, "डॉक्टरीणबाई, जरा आत येता का?"

सुभद्राबाई चौकटीला धरून उभ्या होत्या. ठेंगण्या, गोऱ्या, हातात पाट्यावरचं ओलं वाटण लागलेलं. बाई आत गेल्या, दार लागलं. आम्ही तिघं पुरुष अंगणात राहिलो. रुपराव बैलाकडे पाहत होते, महादेवराव दाराकडे. दार उघडलं तेव्हा बाईंचे डोळे ओले होते, सुभद्राबाईंचे कोरडे.

"मले मांगच्या दिवाळीपासून छातीत गोटी लागत होती," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "शरमेनं कोणाले सांगितलं नाई. काखेतली तेवढी दाखवली. हे लोक खरं सांगून राहिले, जी."

महादेवराव खाली बसले. दोर पुन्हा हातात घेतला, पण पीळ देणं त्यांना जमेना.

आठवड्याच्या आत नागपुरात ऑपरेशन झालं. त्यानंतर किरणांचे शेक घ्यायचे होते, रोज एक, बरेच दिवस. रोज खेड्यातून येणं शक्य नव्हतं. गोपिकाबाई म्हणाल्या, आमच्याकडेच राहा. सुभद्राबाई आमच्या सासरेबुवांच्या घरी पुढच्या खोलीत राहिल्या. रुपरावांचे स्वतःचे उपचारही सुरू झाले होते. इंजेक्शनची बाटली कंपाउंडरने त्यांच्यासमोर फोडली नाही तर ते दंड पुढे करत नसत. त्यांची भूक परत आली, अंग भरलं, गोपिकाबाई भांडू लागल्या. पण सुभद्राबाई समोर आल्या की ते मान फिरवून अंगणात जात. ताटावर एकत्र बसत नसत.

एका दुपारी शेक घेऊन आल्यावर सुभद्राबाईंनी त्यांना दारातच गाठलं. मी तिथेच होतो.

"भाऊ, तुमी माह्यापासून तोंड काहून चुकवून राहिले?"

रुपराव उंबरठ्याकडे पाहत म्हणाले, "माह्या जागी तुमी गेल्या."

"नाई जी. माह्या जागी मीच होती. तुमीच चुकून येऊन बसले होते." त्या थकल्या होत्या, भिंतीला टेकल्या. "तुमी खोटं मानून घरी बसले असते तं मी टीबीच्या सुया घेत घेत मेली असती. आता जेवाले बसा, ताई वाट पाहून राहिली."

ते बसले. त्या दिवसापासून सुभद्राबाई त्यांना भाऊ आणि ते त्यांना बाई म्हणत. दरवर्षी तपासणीला त्या आल्या की मुक्काम पाचपावलीतच. उमाठेबाईंच्या प्रयोगशाळेत आता प्रत्येक बाटली दोघांनी वाचायची असा नियम झाला होता. रुपरावांना तो पुरेसा वाटत नसे. "दोघं मिळून चुकले तं?" असं त्यांनी बाईंना तोंडावर विचारलं होतं, आणि बाई हसल्या नव्हत्या.

सुभद्राबाई आणखी सात वर्षं जगल्या. एक मुलगी उजवली, एक नातू पाहिला. एक्क्याऐंशीत रोग हाडात उतरला आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या गेल्या. तेरवीला मी आणि रुपराव एसटीने गेलो. जेवणं आटोपल्यावर महादेवराव आम्हाला फाट्यापर्यंत सोडायला आले. वाटेत ते थांबले.

"रुपरावजी, एक विचारतो. थे टीबीच्या इंजेक्शनचे दिवस वाया गेले नसते, तं थे आणखीन जगली असती?"

हे रुपरावांनी उमाठेबाईंना स्वतःच विचारलेलं होतं, मला माहीत होतं. एकदा नव्हे, अनेकदा. बाईंनी सांगितलं होतं की फरक बहुतेक पडला नसता, पण तसं छातीवर हात ठेवून कोणी सांगू शकणार नाही.

मला वाटलं, ते पहिला अर्धा भागच सांगतील. माणूस अशा वेळी तेवढंच सांगतो.

"डॉक्टरीणबाई म्हणते, नसती," रुपराव म्हणाले. "मले नक्की माहीत नाई. मले थो संशय हाय. तुमाले नसता सांगितला, पण तुमी विचारलं."

महादेवरावांनी मान हलवली. "मलेबी हाय," ते म्हणाले. दोघं पुढे चालू लागले. फाट्यावर कडुनिंबाखाली आम्ही बसलो, एसटी उशिरा आली, आणि तोवर ते दोघं या वर्षी तुरीवर पडलेल्या अळीबद्दल बोलत होते.